मोरचूद घातलेली खळ

सकाळचे पावणेसात. लातूरच्या ट्यूशन एरियात पहिली बॅच सुटून दुसरी भरायच्या मधली वेळ. एक पोरगा भिंतीवर मेसची जाहिरात चिकटवत होता. पायाशी बादली, हातात झिजलेला कुंचा. वर फ्लेक्सवर नीटमधल्या गुणवंतांची रांग, खाली हा आपला कागदावरच. बादलीतून वास आला आणि मी थांबलेच. मैद्याची शिजवलेली खळ, किंचित आंबूस. तोंडात जुनं नाणं धरल्यावर येते तशी चव जिभेवर आली. मोरचूद! पोराला विचारलं तर म्हणाला, "हां, किडा लागत नाही मॅडम."

हे वाक्य मी पन्नास वर्षांनी ऐकत होते.

मामा नांदेडच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम होते. मुदत सरलेल्या खतावण्या दुकानातून घरी यायच्या, लाल कापडाच्या पुठ्ठ्यांच्या, लांबट. त्यांच्या पानांवर, ज्वारीच्या आणि सरकीच्या हिशेबावर, मामा वर्तमानपत्रातली सिनेमाची परीक्षणं चिकटवायचे. खळ मामी शिजवायची. त्यासाठी वेगळं जर्मनचं पातेलं होतं आणि त्याला आम्ही पोरांनी शिवायचं नाही, कारण मोरचूद विषारी. "घरात एक पातेलं सिनेमाला सोडलंय," असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

त्या खतावण्यांतल्या तीन आज माझ्याकडे आहेत. किडा खरंच लागलेला नाही.

मधल्या खतावणीत १९७५ सालच्या पानांत एक जागा रिकामी आहे. चारी बाजूंनी कात्रणं आणि मध्ये वीतभर चौकोन, त्यावर खळीचा पिवळट पापुद्रा. कात्रण लावलं होतं आणि मग कोणी तरी काढलं. चौकोनाशेजारी शिसपेन्सिलीनं उर्दूत काही तरी लिहिलेलं. लहानपणापासून त्या चौकोनाकडे माझी नजर जाते, जीभ पडलेल्या दाताच्या जागी जाते तशी.

उर्दूचं सांगायला हवं. मामा चौथीत असताना सप्टेंबर १९४८ उजाडला आणि निजामाचं राज्य गेलं. तोवरची शाळा उर्दूत. त्यामुळे पोरांनी वाचू नये असं जे काही असेल ते मामा उर्दूत लिहीत. बाकी शेरे मराठीत, मोडीच्या वळणाचे. परीक्षण आधी चिकटवलं जाई आणि शेरा नंतर पडे, कधी सहा महिन्यांनी, कारण सिनेमा नांदेडला तेव्हा पोहोचायचा. कित्येक तर पोहोचलेच नाहीत. मुंबईचा पेपर मात्र दुसऱ्या दिवशी हजर. म्हणजे आम्ही सिनेमे आधी वाचायचो. ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आला तरी आमच्यासाठी तो कागदावरच होता. मामांनी जेवताना वाचून दाखवला तेवढा. पुढे तो पडद्यावर पाहिला तेव्हा हिंदुराव धोंडे पाटलाचा आवाज मला चुकीचा वाटला. माझ्या कानात तो मामांचा होता.

मामांचे शेरे दिवाणजी छापाचे. "पाहिला. मध्यंतरापुढे बरा." "गाणी जमा, गोष्ट नावे." एका गाजलेल्या समीक्षकाच्या लांबलचक परीक्षणाखाली फक्त, "यांनी शेवट पाहिलेला नाही." आणि एक शब्द तर पानोपानी. परीक्षणात ‘पिटातला प्रेक्षक’ असं कुठंही आलं की मामा त्याखाली रेघ ओढत आणि समासात लिहीत: "हजर."

हा राग मला वारशानं मिळालाय आणि मी तो जपलाय. पुण्या-मुंबईचा लेखक तमाशापट घेऊ दे, दरोडेखोरांचा घेऊ दे, भुताखेतांचा घेऊ दे, शेवटच्या परिच्छेदात तो चष्मा पुसून म्हणणार की पिटातल्या प्रेक्षकांची मात्र करमणूक होईल. दादा कोंडक्यांच्या वाट्याला ‘सोंगाड्या’पासून ‘द्वयर्थी’ हा एकच शब्द. खतावणीत तो इतक्या वेळा आलाय की शिक्का करून घेतला असता तर शाई वाचली असती. तो पीट म्हणजे कोण? मोंढ्यातले हमाल, आठवडी बाजाराला आलेले आणि मुक्कामी राहिलेले शेतकरी, आमचे मामा. दिवसभर दुसऱ्याचा हिशेब बिनचूक ठेवणारा माणूस संध्याकाळी पहिल्या रांगेत बसला की त्याला अक्कल नसते, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? त्याच गावात नरहर कुरुंदकर भरताच्या नाट्यशास्त्रावर बोलत आणि मागं उभं राहून ऐकणाऱ्यांत मामा असत. रस म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. तिकीट पिटाचं परवडत होतं, एवढंच.

फाळक्यांनी १९१७-१८मध्ये ‘नवयुग’ मासिकात लेख लिहिले, ते मी फार उशिरा वाचले. मराठीत सिनेमावर मनापासून लिहायला सुरुवात झाली ती सिनेमा करणाऱ्यानंच. ख्रिस्ताचं चित्र पाहून कसा झपाटलो, भांडवलासाठी कशी वणवण झाली, हे तो माणूस स्वतः सांगतो. पुढे १९३५मध्ये बाबूराव पटेलांनी ‘फिल्मइंडिया’ काढलं आणि परीक्षण म्हणजे चाबूक झाला. इंग्रजीतला चाबूक, त्यामुळे मोंढ्यापर्यंत त्याचा आवाजच आला. मामांना जवळचे इसाक मुजावर, कारण ते न्यायाधीश होऊन लिहीत नाहीत, असं मामांचं मत. शिरीष कणेकर मला जास्त आवडायचे, मामांना कमी. "हा सिनेमावर नाही, स्वतःच्या आवडीवर लिहितो," म्हणायचे. मी म्हणायची, मग काय झालं? त्यावर आमचं जेवण थंड व्हायचं.

आणि ते १९७५. आणीबाणी लागलेली, पेपर तपासून छापायला जाणारे. मामा म्हणत, हल्ली खरं मत फक्त सिनेमाच्या पानावर छापता येतं. तिथंही पुरतं नाहीच, ‘आँधी’ पडद्यावरून उतरवलाच होता. ‘शोले’ला सुरुवातीला अनेकांनी नापास केलं, मग तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांवर चालला, हे आता सगळ्यांनाच पाठ आहे. मला आठवतो तो मामीचा ‘शोले’.

मामीला वाचता येत नाही. ती सिनेमा सांगायची. सुपात तूर घेऊन बसायची, भोवती गल्लीतल्या बाया. गाणी गाळायची, मारामारी एका वाक्यात. पण राधा दिवे विझवते तिथं सूप खाली. "रोज दिवे मालवायली, पण काच पुसताना एकदा दिसली का? रात्रभर जळलेली काच काळी होती की नाही?" आणि मग, "गावात लाईट नाही आणि पाण्याची टाकी एवढी मोठी. वर पाणी चढवतंय कोण?" जय मेला आणि राधेनं खिडकी लावली की मामीचा सिनेमा संपायचा. गब्बरचं काय झालं ते विचारलं तर म्हणायची, "झालं असंल काही तरी."

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधीच टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. मी घागर घेऊन रांगेत उभी होते आणि पोलिसांच्या डोक्यावरची ती कोरडी टाकी पाहून मला हसू फुटलं. लोकांना वाटलं बाईला ऊन लागलं. त्याच महिनाअखेरीला ‘सैराट’ आला. पेपरात पहिल्या पानावर रेल्वे, आत ‘सैराट’ आणि पुढं तारे. मोजून तारे. ते लहानग्या पायांचे ठसे, तो अचानक बंद झालेला आवाज, आणि यांचं साडेतीन की चार यावर चाललेलं. समासात लिहायला मामा नव्हते.

मागच्या आठवड्यात, खळीच्या त्या वासानंतर, मी खतावणी पिशवीत घालून आमच्या कॉलेजातल्या उर्दूच्या सरांकडे गेले. इतकी वर्षं का नाही गेले, देव जाणे. कदाचित मला वाटत होतं की तिथं काही तरी गहन असणार. आणीबाणीवरचं, नाही तर निदान एखादी शिवी.

सरांनी पान उजेडात धरलं. "चप्पल," म्हणाले. मग खालची ओळ. "साडेबारा रुपये."

मामी हल्ली लातूरलाच असते, मामेभावाकडे. कानानं कमी ऐकते. मी ओरडून विचारलं, पंचाहत्तर साली चप्पल कुणाची?

"माझी," ती लगेच म्हणाली. "संतोषीमातेच्या टायमाला. बाया चपला बाहेर सोडून आत जायच्या, देवीसमोर कशा घालायच्या? मीबी सोडली. बाहेर आले तर नवीकोरी गेली. अनवाणी आले घरापर्यंत."

"आणि परीक्षण? ते कुणी काढलं?"

‘जय संतोषी माँ’ला त्या पेपरानं किती जागा दिली असेल, त्यात भाबड्या बायकांवर काय लिहिलं असेल, याचा मला अंदाज आहे. सोळा वर्षांनी ‘माहेरची साडी’च्या वेळी रुमालांवर जे विनोद झाले तेच असणार. पण ते फाडलं मामांनी रागानं, की मामीनं?

"मला काय ठाऊक," मामी म्हणाली. "डब्याखाली घातलं असंल."

मग पाय वर घेऊन नीट बसली. "पण त्या जावा बघ बाई. देवीचं राहू दे. धाकट्या दिराला उष्टं वाढतात ना, तेव्हा लेडीजमधली एक बाई उठून उभी राहिली अन् म्हणली, खाऊ नको रे. मोठ्यानं. सगळ्या म्हणायल्या मग, खाऊ नको."

"आणि तू?"

"मी तर आधीच म्हणले होते. हळू."