बाईच्या दुखण्याला 'पित्त' म्हणणारे शहाणपण

सिनेमातला हार्ट अटॅक आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. बाप छाती आवळतो, घामाघूम होतो आणि कोसळतो. कोसळणारा बहुतेक वेळा पुरुषच. हे चित्र काय एकट्या सिनेमावाल्यांनी रंगवले? वैद्यकशास्त्रानेही कित्येक वर्षे हेच चित्र समोर ठेवून काम केले.

अॅस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो का, हे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या गाजलेल्या अभ्यासाचा निकाल 1989 साली आला. त्यात 22,071 डॉक्टर होते आणि सगळेच्या सगळे पुरुष. 1991 साली बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी या आजाराला नाव दिले, 'येंटल सिंड्रोम'. येंटल ही सिंगर यांच्या कथेतली यहुदी मुलगी. धर्मग्रंथ शिकता यावेत म्हणून ती पुरुषाचा वेष घेते. हीलींचे म्हणणे असे की, बाईचा हृदयरोग पुरुषासारखा असल्याचे सिद्ध झाले तरच तिला पुरुषासारखा उपचार मिळतो. (शिकण्यासाठी ओळख लपवावी लागणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.) सरकारी पैशाच्या संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्य समूह घ्यावेत, यासाठी तिथे 1993 साली कायदा करावा लागला. नुसत्या सदिच्छेने ते झाले नाही.

आता एक गैरसमज. 'बायकांना अटॅकमध्ये छातीत दुखत नाही' असे मेसेज फिरतात, ते चूक आहे. छातीत दुखणे किंवा दडपण हे दोघांतही सर्वात जास्त आढळणारे लक्षण आहे. पण बाईमध्ये त्याच्या जोडीला, कधी त्याच्याऐवजी, दम लागणे, मळमळ, उलटी, जबडा, मान किंवा पाठ दुखणे, कधी न येणारा थकवा हे जास्त दिसते. मधुमेह असेल तर वेदना आणखी दबते. त्यातच बाईच्या हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दोष असण्याचे प्रमाण जास्त. त्यामुळे अँजिओग्राफीत मोठा अडथळा दिसला नाही म्हणजे बाईला काही झालेच नाही, असे होत नाही.

आमच्या वस्तीतल्या एक मावशी चार घरची धुणीभांडी करायच्या. आठवडाभर जिना चढताना दम लागत होता, पाठीत आणि जबड्यात दुखत होते. दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि वर सल्ला, टेन्शन घेऊ नका. मावशींना साखर आहे का, हेसुद्धा कुणी विचारले नाही. दोन दिवसांनी रात्री पोराने मोठ्या इस्पितळात नेले, तेव्हा ईसीजीत झटका येऊन गेल्याचे दिसले. मावशी वाचल्या. पण जिन्याची कामे सुटली आणि घर त्यांच्याच कमाईवर चालत होते. आम्ही भेटायला गेलो तर म्हणाल्या, "काम केलं की अंग दुखणारच, त्यात काय सांगायचं?"

हाच तर प्रश्न आहे. राबणाऱ्या बाईचा थकवा डॉक्टरला लक्षण वाटत नाही, घराला वाटत नाही आणि शेवटी तिला स्वतःलाही वाटत नाही. 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. बाईचे शरीर ही तिची घरगुती भानगड नाही, हे त्यातून तेव्हाच स्पष्ट झाले होते. आणि त्याच बाळंतपणात पुढच्या हृदयविकाराची खूण सापडते. गरोदरपणी बीपी किंवा साखर वाढली असेल, तर पुढे धोका वाढतो. पण चाळिशीतल्या बाईला हे विचारतो कोण?

तेव्हा तरुणांनो, 14 एप्रिलच्या आरोग्य शिबिरात चष्मे वाटाच, पण बीपी आणि साखर तपासायला वस्तीतल्या आयाबायांना आधी बसवा. गरोदरपणाचे विचारा, मिश्रीचे विचारा. आणि एखादीला अचानक दम, मळमळ, पाठदुखी, गार घाम सुरू झाला तर सोडा पाजत बसू नका. 108 ला फोन करा, सोबत जा आणि खिडकीवर स्पष्ट सांगा, "आधी ईसीजी काढा." असा रुग्ण आल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, हे डॉक्टरांच्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेले आहे.