सूडाची वस्त्रं

आमच्या मंडळीच्या तरुणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी जग संपतं. कधी ग्रहणामुळे, कधी इस्राएलमधल्या युद्धामुळे. दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतले आकडे घेऊन कुणीतरी बेरीज-वजाबाकी करतं, शेवटी ‘तयार राहा’ म्हणतं आणि व्हिडिओ संपतो. तयार राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. मोबाइल चार्ज करून ठेवायचा?

खरं ठरलेलं एक भाकीत आमच्या भंडारा रोडवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाशी जोडलेलं आहे. नारायण वामन टिळक राजनांदगावच्या प्रवासात होते. गाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झालाही. पण त्यांचं मन वळवलं ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने. आणि घरातली खरी झुंज त्यानंतरची. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधली वर्षं त्या दोघांनी कशी काढली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचून कळतं. गाडीतल्या त्या गृहस्थाच्या भाकितात त्यातलं काहीच नव्हतं.

म्हणून मला तारखांपेक्षा यशयाचा ५९वा अध्याय जास्त कामाचा वाटतो. संडे स्कूलला गेलेल्या प्रत्येकाला इफिसकरांस पत्रातली ‘देवाची शस्त्रसामग्री’ पाठ असते. पुठ्ठ्याचं शिरस्त्राण, थर्माकोलची तलवार, पाठीमागे रोमी शिपायाचं चित्र. मलाही बरीच वर्षं वाटायचं, की पौलाने समोरच्या पहारेकऱ्याकडे बघून ही यादी केली असावी. पण यातले बरेचसे कपडे त्याने यशयाच्या पेटीतून काढलेत. कमरपट्टा ११व्या अध्यायातला, शांतीची बातमी घेऊन धावणारे पाय ५२व्यातले आणि उरस्त्राण-शिरस्त्राण ५९व्यातलं.

या ५९व्या अध्यायात परिस्थिती फार वाईट आहे. न्याय दूर उभा आहे, सत्य भर चौकात पडलंय, वाईट सोडणारा माणूसच लुटला जातोय. मध्ये पडायला कुणी नाही, म्हणून देव स्वतः लढाईचे कपडे चढवतो. नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, तारणाचं शिरस्त्राण, सूडाची वस्त्रं, आवेशाचा झगा. कैदेत असलेला पौल त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी उचलतो आणि साध्यासुध्या माणसांच्या अंगावर घालतो. सूडाची वस्त्रं तिथंच राहतात. आपलं झगडणं रक्तामांसाच्या माणसांशी नाही, असंही तो बजावतो.

हे वाचायला सोपं आहे. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. उपासनेनंतर आम्ही अंगणात उभे होतो. एकजण म्हणाला, हे शेवटच्या काळाचं चिन्ह आहे. दुसऱ्याने जबाबदार माणसांचं काय करायला हवं ते सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मंडळीतल्या एक वयस्कर बाई आल्या, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यांनी मत्तयाचा दुसरा अध्याय उघडला. बेथलेहेमातली बाळं मारली जातात, तिथे मत्तय यिर्मयाची आठवण काढतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते. यिर्मयाच्या पुस्तकात पुढच्याच ओळीत देव तिला धीर देतो, मुलं परत येतील म्हणतो. मत्तय ती ओळ घेत नाही. मावशीही तिथंच थांबल्या आणि पुस्तक मिटलं.

चिन्हवाला मुलगा गप्प झाला. दुसऱ्याचा राग काही गेला नाही, जायला नकोही होता. सत्य चौकात पडलंय हे यशयाही मोठ्याने सांगतो. जबाब मागणं आणि सूड अंगावर घेणं यात फरक आहे, आणि तो ऐन रागात सुचत नाही. आधीपासून वाचनात असावा लागतो.

हल्ली आमच्याकडे कुणाच्या घरी प्रार्थना असली, की दारात चार अनोळखी माणसं येऊन विचारतात, इथं काय चाललंय? आत कुणाची तरी मूठ वळतेच. मागच्या वेळी मावशींनी त्यांना आत बोलावलं, बसायला सतरंजी दिली आणि ‘चहा घेणार का?’ विचारलं. दोघे बसले. दोघे दारातच उभे राहून मोबाइलवर शूटिंग करत होते. मी पातेल्यात पाणी वाढवलं.