तपासणी

माझा भाचा अरमान मिरजेत अब्बांच्या गॅरेजमध्ये काम करतो. गेल्या हिवाळ्यात जेवताना तो म्हणाला, "मामू, मी ड्रॅग रेसमध्ये नाव देतोय." आपाचा वाढता हात तिथेच थांबला. दोन वर्षांपूर्वी बायपासवर रात्री लागलेल्या अशाच एका पैजेत त्याचा मित्र गेला. त्याच्या जनाज्याला अरमानने खांदा दिला होता.

"ही रस्त्यावरची नाही अम्मी, धावपट्टीवरची आहे. ॲम्ब्युलन्स असते, तपासणी असते," तो समजावत राहिला. आपाने माझ्याकडे पाहिलं. मी शिक्षक माणूस. म्हटलं, "आधी नियम वाचू, मग ठरवू."

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांनी उभ्या जागेवरून सुटायचं. मूळ अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. आपल्याकडे अशा शर्यती विमानांच्या धावपट्ट्यांवर होतात. लोणावळ्याजवळची ॲम्बी व्हॅलीची पट्टी त्यासाठी ओळखली जाते. पण या खेळाचे सविस्तर नियम तयार झाले अमेरिकेत. तिथेही पोरं रस्त्यावरच पैजा लावत होती. त्यांना रस्त्यावरून उठवून सुरक्षित जागी आणायचं, म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये एनएचआरए ही संघटना काढली. म्हणजे बायपासचा प्रश्न काही आमच्या मिरजेचाच नाही.

त्यांचे नियम वाचताना एक शहाणपण दिसलं. सगळ्यांवर सारखं ओझं नाही. जसा वेग, तशी सक्ती. पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्याला प्रमाणित हेल्मेट हवंच. गाडी आणखी वेगवान झाली की आत पोलादी रोल बार, त्यापुढे अख्खा पिंजरा. ताशी १५० मैलांच्या घरात गेली की मागे पॅराशूट.

हेल्मेटवरच्या 'स्नेल' शिक्क्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. पीट स्नेल हा हौशी शर्यतपटू १९५६ मध्ये डोक्याला मार लागून गेला. हेल्मेट त्याने घातलेलं होतं, पण ते त्याला वाचवू शकलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या मित्रांनी हेल्मेट तपासणारी संस्था काढली आणि तिला त्याचं नाव दिलं. या संस्थेची मोटारीसाठीची आणि दुचाकीसाठीची हेल्मेटं वेगळी असतात, कारण मोटारीतला माणूस आगीत अडकू शकतो. म्हणून मोटारीच्या हेल्मेटचं अस्तर सहज पेट घेणार नाही असं लागतं.

२००८ मध्ये स्कॉट कॅलिटा हा नावाजलेला रेसर धावपट्टीच्या टोकाला अपघातात गेला. त्यानंतर काही दिवसांतच सर्वांत वेगवान गाड्यांचं अंतर १००० फुटांवर आणलं गेलं, थांबायला जास्त जागा मिळावी म्हणून. ज्या ओळी आपण कंटाळून उलटतो, त्यांतल्या कितीतरी ओळी कुणाच्या तरी मातीनंतर लिहिलेल्या असतात.

अरमानच्या जुन्या स्विफ्टला पिंजऱ्याची गरज नव्हती. पट्टा, हेल्मेट, पायात बंद बूट, अंगात पूर्ण कपडे, गाडीतली सुटी वस्तू बाहेर, कुठे गळती नको, इतकंच. आम्ही निर्धास्त गेलो.

तपासणीला बॉनेट उघडलं आणि तपासनिसाने मान हलवली. बॅटरी तारेने बांधलेली होती. "क्लॅम्प लावून आणा."

अरमान गाडी मागे घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. हळूच म्हणाला, "नाव बघितलं असणार, मामू."

मला राग आला नाही, कारण हे वाक्य कुठून आलं ते मला माहीत होतं. नाकाबंदीत चार गाड्या सोडून त्याची थांबवतात. लायसन्सवरचं नाव वाचल्यावर डिकी उघडायला लावतात. तपासणी म्हणजे संशय, हे त्या पोराच्या अंगात मुरलंय. माझ्याही.

पण आम्ही तिथेच उभे राहून पाहिलं. आमच्यामागे एक महागडी परदेशी गाडी आली. तिच्या रेडिएटरखाली दोन थेंब दिसले, तीही परत. मालकाने आवाज चढवला, तपासनीस शांतपणे म्हणाला, "तुमच्या मागून येणाऱ्याचं चाक या पाण्यावरून घसरेल."

त्याच्या हातातल्या कागदावर बॅटरी, ब्रेक, टायर, नट अशी यादी होती. तो आमचं नाव न विचारता खालून वर गाडी बघत होता. त्याला भीती आमची नव्हती; आमच्यासाठी होती.

मग मी अरमानला विचारलं, "ती तार तूच बांधली होतीस ना? धक्क्याने बॅटरी सरकून टर्मिनल बॉनेटला टेकलं असतं तर?" मेकॅनिकच्या पोराला पुढचं सांगावं लागलं नाही. शॉर्ट, ठिणगी, आग. गॅरेजमध्ये जी तार 'चालतं' म्हणून बांधतो, ती इथे चालत नाही. गावात जाऊन क्लॅम्प आणला, बसवला. दुसऱ्या वेळी त्याच तपासनिसाने काचेवर स्टिकर लावला आणि म्हणाला, "ऑल द बेस्ट, भावा."

अरमान हरला. सतरा सेकंदांहून जास्त लागले. पण उतरला तेव्हा हसत होता. परतताना बायपास आला, रस्ता मोकळा होता, आणि त्याने वेग वाढवला नाही. मित्र जिथे गेला, ती जागा मागे पडेपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.

घरी आपाने फक्त "पट्टा लावला होतास?" एवढंच विचारलं. परवा गॅरेजमध्ये डोकावलो. एक गिऱ्हाईक म्हणत होतं, "बॅटरी बांध तारेने, चालतं." अरमान ड्रॉवरमध्ये क्लॅम्प शोधत होता.