घरचा सोडा व वायूची गळती

आमच्या अमरावतीच्या घरीं लहानमोठीं चौदा माणसें. वैशाखांत अकोल्याहून थोरल्या बंधूंचें बिऱ्हाड जठारपेठेंतून उठून आलें कीं ही संख्या विसावर जाते. पारा ४५ अंशांकडे धांवूं लागला म्हणजे ताक, पन्हें, वाळ्याचें पाणी ह्यांनीं मुलांचें समाधान होत नाहीं; त्यांस सोडा हवा असतो. म्हणून गेल्या वर्षीं चि. पुतण्यानें परदेशीं जातांना पुण्याहून आपलें पोलादी पिंप, कार्बन डायऑक्साइड वायूची लहान टाकी व तिचा रेग्युलेटर आमच्या स्वाधीन केला, तेव्हां आम्हांस मोठाच आनंद झाला.

अडचण एकच होती. तें पिंप त्यानें घरगुती बिअरसाठीं घेतलेलें होतें, आणि ही गोष्ट मातोश्रींच्या कानीं गेली होती. "दारूच्या भांड्यांतलें पाणी ह्या घरांत कोणी प्यायचें नाहीं," असें त्यांनीं निक्षून सांगितलें. आम्हीं नम्रपणें निवेदन केलें कीं, सोडावॉटरचा जन्मच मुळीं बिअरच्या पिंपावरचा. इंग्लंडांतील लीड्स येथें १७६७ च्या सुमारास जोसेफ प्रीस्टली ह्या धर्मोपदेशकानें शेजारच्या कारखान्यांत आंबणाऱ्या बिअरवर सांचलेला वायु पाण्यांत मिसळून पाहिला, व तें पाणी त्यास रुचकर लागलें. मातोश्री क्षणभर विचारांत पडल्या. "मग त्या साहेबाचें भांडें नीट घासून घ्या म्हणजे झालें," एवढें बोलून त्या उठल्या.

पिंप तीनदां धुऊन आम्हीं त्यांत थंडगार पाणी भरलें, नळी जोडली, दाब दर चौरस इंचास ३० पौंड केला आणि टाकीची चावी बंद करून निजलों. सकाळीं पाहतों तों काटा बराच उतरलेला. गळती! आम्हीं पाना घेऊन रेग्युलेटरचा नट सर्व बळ लावून आवळला, व दाब टिकावा म्हणून चावी उघडीच ठेविली. आणखी एकदां आवळला. तिसऱ्या दिवशीं टाकी रिकामी!

टाकी भरून देणाऱ्या मिस्त्रींनीं उलगडा केला तेव्हां आम्ही खजील झालों. पहिल्या रात्रीं गळती नव्हतीच. थंड पाणी वायु शोषून घेतें म्हणून काटा उतरतो. सोडा होतो तो त्यामुळेंच. आम्हीं त्यालाच गळती समजून जोर लावला, नटाखालची चकती चिरडली, आणि नसलेली गळती खरी करून दाखविली.

एवढ्यावर भागलें असतें तर हंसून सोडून दिलें असतें. परंतु ती टाकी माजघरांत होती, आणि दुपारीं झळांमुळें दारें-खिडक्या लावून मातोश्री तेथेंच गार फरशीवर चटई टाकून निजत. त्या दोन्ही दुपारीं उठल्यावर त्यांचें डोकें जड झालें होतें. आम्हीं तो दोष उन्हावर घातला. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. ह्या वायूस वास नाहीं, आणि हवेहून दीडपट जड असल्यानें तो जमिनीलगत सांचतो. त्यांची डोकेंदुखी त्याचीच होती असें निश्चयानें म्हणवत नाहीं. पण हें कळल्यावर त्या रात्रीं आम्हांस झोप आली नाहीं.

आतां आमचा क्रम ठरून गेला आहे. टाकी मोकळ्या ओसरीवर, सावलींत, उभी व साखळीनें बांधलेली असते. टाकी बदलतांना चकती पाहावी, चिरलेली असल्यास नवी घालावी, व नट बेतानेंच आवळावा. त्या जागीं वायु अडवते ती चकती, आट्यांवर गुंडाळलेली पांढरी फीत नव्हे. रेग्युलेटरचा स्क्रू सैल सोडून मगच टाकीची चावी हळूहळू उघडावी. पिंपाच्या झांकणाचें रबरी कडें नीट बसलेलें असावें. मग पिंप रिकामेंच ठेवून दाब द्यावा व प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडा वाढूं लागला तेथें गळती समजावी. चावी बंद करून रात्रभर काटा जाग्यावर राहिला तरच पाणी भरावें. त्यानंतर काटा उतरला तर पान्यास हात लावूं नये.

यंदां अकोल्याचे बंधू आले तेव्हां त्यांनीं उत्साहानें पाना उचलला. मातोश्रींनीं तो काढून घेतला, चष्मा चढविला, आणि वाटींतला फेस स्वतः सांध्यांवर लावून त्या कितीतरी वेळ निरखीत बसल्या. हें काम आतां त्यांनीं आपल्याकडेच घेतलें आहे. सोडा मात्र त्या पीत नाहींत. त्यांस पन्हेंच आवडतें.