सरहद्दीवरची जाग

निजून प्रवास करण्याचे सुख विकता येते, हे बेल्जियमच्या जॉर्ज नागेलमाकर्सने अमेरिकेतील पुलमनच्या शयनगाड्या पाहून ताडले. पुढे त्याने एकामागून एक देशांच्या सरहद्दी ओलांडणारी गाडी योजिली. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी पॅरिसहून ओरिएंट एक्स्प्रेस निघाली. इस्तंबूलपर्यंत सलग रूळ नव्हते. डॅन्यूब नदी नावेने ओलांडायची, पलीकडे दुसऱ्या गाडीने वार्ना बंदर गाठायचे आणि उरलेली वाट आगबोटीने. अखंड लोहमार्ग १८८९ मध्ये पुरा झाला.

या गाडीचा थाट म्हणजे केवळ मखमल आणि चांदीचे काटे-चमचे नव्हेत. संध्याकाळीच डब्याचा सेवक उतारूंचे पासपोर्ट आपल्या ताब्यात घेई. मध्यरात्री सरहद्द आली की अधिकाऱ्यांना तोच सामोरा जाई. उतारूची झोप मोडू नये, हा त्या महागड्या तिकिटाचा खरा अर्थ. बोळाच्या टोकाशी त्याची लहानशी बैठक असे. तेथे तो घंटीकडे कान लावून बसे. (अगाथा ख्रिस्तीची १९३४ ची कादंबरी ज्यांनी वाचली आहे, त्यांना हा सेवक आठवेलच.)

१९७७ मध्ये पॅरिस-इस्तंबूल थेट गाडी बंद पडली. त्याच वर्षी माँटे कार्लोच्या लिलावात जेम्स शेरवूड यांनी तिचे दोन जुने डबे घेतले, आणखी जमवले, डागडुजी केली आणि १९८२ मध्ये लंडन-व्हेनिस अशी सहलीची गाडी सुरू केली. लाकडावरील जडावकाम, लालीकच्या काचा सारे जुन्या वळणाचे. डबा उबदार ठेवणारी कोळशाची शेगडीही जुनीच. तीत कोळसा घालणारा पुन्हा तो सेवकच.

लूर्दची तीर्थयात्रा आटोपून आम्ही पॅरिसला आलो असता पूर्व स्थानकावर ही निळी-सोनेरी गाडी उभी दिसली. आमच्या सौ. डबे न्याहाळत होत्या. आमची नजर मात्र दाराशी ताठ उभ्या असलेल्या निळ्या गणवेशातील सेवकावर खिळली. आमचे वडील जहाजावर स्टुअर्ड होते. सुटीवर घरी आले की पहाटे मिस्सेची घंटा होताच ते ताडकन उठून शर्टाची बटणे लावू लागत; कोणा साहेबाने बोलावले असे त्यांना वाटे. आई हसे, पण ती हसताना पदर डोळ्यांना लावी, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

झोपता केव्हा, असे आम्ही त्या सेवकाला विचारले. तो नुसता हसला आणि त्याने गाडीच्या पुढच्या दिशेला बोट दाखवले.

लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात जागत राहिलेल्या चाकरांना धनी स्वतः कंबर बांधून जेवू वाढतो. वडिलांना तो उतारा फार आवडे. असा धनी जहाजावर आपल्याला भेटला नाही, असेही ते म्हणत. श्रीमंतांच्या हौसेचा आम्हांला राग नाही. त्या हौसेतूनच आमची फी भरली गेली.

आता आमच्या विवाहाच्या चाळीसाव्या वाढदिवसासाठी मुलांनी याच गाडीचा बेत मांडला आहे. एका रात्रीचे माणशी हजारो पौंड! तेही ती हौसेने देतील. सौ.चा होकार आहे. आमचा अद्याप नाही. रात्री तहान लागली तर घंटी वाजवायला आमचा हात उचलेल, असे वाटत नाही.