एकट्याचा डाव

बेंबळीत उन्हाळ्याची दुपार सरता सरत नाही. तूर-हरभरा कधीच घरात आलेला असतो, रानं नांगरून तापत पडलेली असतात आणि मृगाला अजून अवकाश असतो. अशा दुपारी ओसरीवर पत्ते निघतात. झब्बू, मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात. आपले सगळे डाव गोतावळ्याचे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 गोल पानं. तोही खेळ तिघांनी बसून खेळायचा. एकट्यानं पत्ते मांडायचे, हे आपल्याकडे जरा वेगळंच.

मला तो डाव आत्यानं शिकवला. पानं पिसून तिनं सतरंजीवर सात ओळी लावल्या. पहिलीत एक पान, दुसरीत दोन, असं करत सातवीत सात. प्रत्येकीतलं शेवटचं तेवढं उघडं. 28 पानं खाली, 24 हातात. मग नियम. काळ्यावर लाल, लालवर काळं, आणि तेही उतरत्या क्रमानं. इस्पिकच्या दश्शीवर बदामची किंवा चौकटची नव्वी. रिकाम्या जागी फक्त राजा. एक्का निघाला की वर ठेवायचा. किलवरच्या एक्क्यावर किलवरचीच दुर्री, तिर्री, थेट राजापर्यंत.

डाव अडला, तेव्हा मी बंद पानाकडे बोट दाखवून विचारलं, "आत्या, हे बघितलं तर? हितं कोन हाय बघायला?"

"कुनी न्हाई, म्हनूनच नीट खेळायचं."

झब्बूत लबाडी केली तर समोरचा हात धरतो. इथं हात धरणारे आपणच. 1990 साली विंडोज 3.0 बरोबर हा डाव संगणकावर आला, पुढं मोबाईलवर. तिथं चुकीचं पान बसतच नाही. नियम यंत्र पाळतं. खेळणाऱ्याला नियम कळतात, ते पाळण्याची सवय मात्र लागत नाही.

शिवाय हा डाव हरायला शिकवतो. 52 पानं किती तऱ्हांनी लागू शकतात, तो आकडा 68 अंकी आहे. हातातली पानं तीन-तीन करून उलटायच्या प्रकारात सगळी बंद पानं आधीच दिसत असती, तर शंभरातले सुमारे 82 डाव सुटले असते, असं अभ्यासकांनी संगणकावर काढलं आहे. आपल्याला ती दिसत नाहीत, म्हणून त्यातलेही बरेच हातचे जातात. अडलेला डाव मोडणं ही नामुष्की नव्हे. चोरून सोडवलेला डाव मात्र सुटलेला नसतोच.

म्हणून घरातल्या पोरांना हा डाव खऱ्या पानांवर शिकवा. नियम सांगून झाले की उठा, आणि त्यांना एकटं खेळू द्या.