जुन्या शिडाचा बेत

थोरल्याचा सदरा उसवून धाकट्याच्या अंगास बसविणें हा एकत्र कुटुंबांतील नित्याचा व्यवहार होय; त्यावर कोणी लेख लिहीत नाहीं. परंतु हाच उद्योग आम्हांस सन २०२३ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका नौकेच्या शिडावर करावा लागला, आणि त्यांत आमची भूमितीची घमेंड कशी उतरली तें वाचकांस सांगावेंसें वाटतें.

चिरंजीव नोकरीनिमित्त साउदॅम्प्टनजवळ राहतात. तेथें हॅम्बल नांवाची लहानशी नदी खाडीस मिळते. तिच्या पात्रांत शिडाच्या होड्यांची एवढी दाटी असते, कीं डोलकाठ्यांचें वनच उगवलें आहे असें वाटावें. चिरंजिवांनीं तेथें एक जुनी नौका घेतली होती. तिच्या डोलकाठीपुढचें त्रिकोणी शीड, ज्यास तिकडे जिब म्हणतात, वाऱ्याच्या एका सपाट्यानें फाटलें. नव्याची किंमत ऐकून सूनबाईंनीं कपाळास हात लावला. तेव्हां जुन्या बाजारांतून एक वापरलेलें जिब आणलें. कापड चांगलें होतें, मात्र पुढची कड वीस फूट! डोलकाठीपासून नाळेपर्यंत ताणलेली तार एकोणीस फूट. वरखालच्या कड्यांस आणि कापडाच्या ताणास जागा सोडावी, तर शीड अठरा फुटांचेंच हवें.

दिवाणखान्यांतील गालिचा गुंडाळून आम्हीं तें शीड जमिनीवर पसरलें आणि पट्टी व खडू घेऊन बसलों. जन्मभर मुलांस त्रिकोण शिकविले, आणि आतां हा साक्षात् पुढ्यांत येऊन पडला! तळाच्या कडेस समांतर पट्टा काढला तर उरलेला त्रिकोण पहिल्याशीं समरूप राहतो खरा, पण उंचीचा दशांश जातांना क्षेत्रफळाचा जवळजवळ पंचमांश जातो. कारण नऊ दशांशांचा वर्ग म्हणजे शेकडा ८१. शिवाय खालचे दोन्ही कोपरे नव्यानें बांधावे लागतात. उलट, पुढच्या कोपऱ्याशीं दोन फूट घेऊन मागच्या कोपऱ्याशीं शून्य होईल अशी तिरकी रेघ मारली, तर शेकडा ९० भाग उरतो व मागचें पितळी कडें आयतेंच वांचतें. आम्हीं तीच रेघ मारली. चिरंजीव जरा कुरकुरले, “अण्णा, कापड एकदां गेलें कीं पुन्हां जोडतां यायचें नाहीं.” आम्हांस त्याचा राग आला. हें कापड पॉलिएस्टरचें. विन्फील्ड व डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनीं १९४१ सालीं ज्याचा शोध लावला, त्याच धाग्याचें. तें तापलेल्या हत्यारानें कापलें म्हणजे कड वितळून धागे सुटत नाहींत. हत्यार तापलें, आम्ही वांकलों, तोंच आमची मंडळी स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाली, “अहो, जमिनीवर ठीक आहे. पण उभें केल्यावर याचा पदर कुठें येणार?”

प्रश्न अडाणी वाटला, म्हणून आम्हीं उत्तर दिलें नाहीं. पण हत्यारही पुढें जाईना. अखेर सूनबाईंच्या दोन जुन्या चादरी जोडून त्याच मापाचें खोटें शीड केलें आणि दुसऱ्या दिवशीं वारा पडलेला पाहून तें नौकेवर चढविलें. पाहतों तों मागचा कोपरा जवळजवळ दोन फूट खालीं येऊन कठड्याच्या तारेवर लोळत आहे! कारण उघड होतें. पुढच्या कोपऱ्याशीं जेवढें कापावें तेवढें सबंध शीड तारेवरून खालीं घसरतें. आमचा त्रिकोण निर्दोष होता. नौकेस मात्र जमीन होती, ती आम्हीं गणितांत धरलीच नव्हती. शिवाय कोपरा इतका खालीं आला, कीं शीड आवळण्याचा दोर आडवा पडून तळाची कड तेवढी ताणतो, आणि मागची कड फडफडत राहते. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें.

मग नवा बेत ठरला. पुढें दोन फूट, मागें एक. मागची कड सोळा फुटांची होती. शिरकोन तोच असतां क्षेत्रफळ दोन बाजूंच्या गुणाकाराप्रमाणें बदलतें. त्या हिशेबानें शेकडा ८४ भाग उरला. मागच्या कोपऱ्याचें जुनें कडें गेलें, पण कापून निघालेल्या तुकड्यांतूनच दोन्ही नव्या कोपऱ्यांस थरावर थर देतां आले.

शिवणीच्या कामांत आमच्याकडे हुकूम पाळण्याचेंच काम होतें. या शिडाचे पट्टे मागच्या कडेशीं काटकोनांत जोडलेले असल्यानें आडवा धागा त्या कडेबरोबर सरळ जातो व ती सैल पडत नाहीं. पुढची कड मात्र उरेब येते. हें कोणीं न सांगतां मंडळींनीं कापड दोन्ही हातांनीं ओढून ओळखलें. पोलक्याचा गळा बेतणारीस तें काय सांगावें? त्या उरेब कडेच्या आंत ताण सोसण्यासाठीं दोर घातलेला होता. तो आंखूड करून नव्या कोपऱ्याशीं पुन्हां पक्का बांधला. यंत्रावर नागमोडी टाका घातला, कारण कापड ताणलें असतां सरळ टाका तुटतो. थरांच्या कोपऱ्यांत यंत्राची सुई मोडूं लागली. तेथें तळहातास चामड्याचा पट्टा बांधून, मेण लावलेल्या दोऱ्यानें, तिधारी सुई हातानेंच रेटावी लागली. पुढचा कोपरा आम्हीं घेतला, मागचा मंडळींनीं. चार दिवस लागले. सूनबाईंनीं बोटांस मलम दिलें.

शीड चढलें त्या दिवशीं वारा आमच्या अपेक्षेहून पुष्कळ होता. नौका कलली तेव्हां आम्ही देखावा पाहत नव्हतों, टांके पाहत होतों. मुलगा ज्या कापडाच्या भरंवशावर पाण्यांत गेला तें आपण शिवलेलें आहे, ही गोष्ट दिवाणखान्यांत एवढी जाणवली नव्हती. कोपरे टिकले. मागची कड शांत राहिली. पुढच्या कोपऱ्यापासून मात्र एक लांब चुणी तिरकी वर जात होती.

धक्क्यावर परत आलों तों मंडळी छत्री घेऊन उभी होती. तिची दृष्टि प्रथम त्या चुणीवरच गेली.

“तो तुमचा कोपरा ना?” ती म्हणाली.